सीन बेचाळीस, टेक पाच

“कॅमेरा उलटा लावलायस, तिवले,” सरनोबत सर म्हणाले.

“उलटा नाही सर. मला तिथंच हवाय.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. चष्मा वर गेला की समोरच्याचं काही खरं नसतं, हे आम्हा अकराजणांना वर्षभरात पाठ झालं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या पांढऱ्या रेघेकडे, आणि मग रेघेच्या पलीकडे, जिथं जाऊ नका म्हणून वर्षभर त्यांनी घसा कोरडा केला होता तिथं उभ्या असलेल्या कॅमेऱ्याकडे. माझ्याच वर्गातला उदय शिंत्रे त्या दिवशी माझा मदतनीस होता. तो उगाचच दिव्याची वायर गुंडाळायला लागला.

कॅमेऱ्यासमोर चार फुटांवर, जाजमावर माझी आई बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. मान खाली घालून ती तांदूळ निवडत होती, आणि या भांडणाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा तिनं केला होता. तसा चेहरा करण्यात तिचा हात धरणारं कोल्हापुरात कुणी नव्हतं.

हे पंचाण्णव साल. रंकाळ्याच्या पलीकडचा एक स्टुडिओ तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. चित्रपट येईनासे झाले म्हणून मालकांनी एका शेडमध्ये कॅमेऱ्याचा वर्षभराचा वर्ग काढला आणि शिकवायला सरनोबत सरांना बसवलं. सरांची उभी हयात त्याच स्टुडिओत कॅमेऱ्याच्या आसपास गेलेली. वर्गात दहा मुलगे आणि मी. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की मेकअपचा वर्ग इथं नसतो. मी म्हणाले, मला कॅमेऱ्याचाच हवाय. त्यानंतर पुढचे दोन महिने सगळ्यात जड ट्रायपॉड माझ्याच खांद्यावर येत राहिला. मीही हूं की चूं केलं नाही.

शिकवायचे मात्र जीव तोडून. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्या नाकांमधून एक रेघ गेली आहे असं धरायचं आणि कॅमेरा मरेपर्यंत रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. ओलांडलात तर पुढच्या शॉटमध्ये उजवीकडचा माणूस डावीकडे उडी मारतो आणि प्रेक्षकाचं डोकं फिरतं. ही रेघ सर नुसती धरायला सांगत नसत. खेळाच्या मैदानावर मारतात तसली फक्की ते स्वतः वाकून जमिनीवर मारत, आणि ज्याचा पाय पडेल त्यानं त्या दिवशी अख्खी शेड झाडायची. मग बोलणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा. बघणाऱ्याच्या नजरेपुढे मोकळी जागा. आणि भिंगात कुणी बघायचं नाही, बघितलं की खेळ संपला, कारण आपण लपून बघतोय हे प्रेक्षकाला कळतं. गर्दीबद्दल बोलताना तर त्यांचा आवाजच चढायचा. “गर्दीला चेहरा नसतो,” ते म्हणत. “तुम्ही चेहरा दिलात की ती गर्दी राहत नाही, आणि तुमची नायिका नायिका राहत नाही.”

हे सगळं मला आवडायचं, खोटं कशाला सांगू. नियम कळला की पडदा कसा ताब्यात येतो ते बघून अंगावर काटा यायचा. वर्षभरात मी शेड एकदाच झाडली. पोरं जळायची आणि सर त्यांना ऐकवायचे की रेघ तिवलेच्या पायाला कळते.

एक गोष्ट मात्र ते कुणाच्याही हातात देत नसत, ती म्हणजे टेप. कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं आणि त्याप्रमाणे भिंगावरचं कडं फिरवायचं, म्हणजे चेहरा स्वच्छ दिसतो. आकड्यात चूक झाली की फोकस गेला. सगळ्यांच्या शॉटला अंतर सर स्वतः मोजायचे, तेही दोनदा. पाठीमागे आम्ही नकला करायचो. सर स्वतःच्या मुलीच्या लग्नात अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना टेप लावतील, असं उदय म्हणायचा.

आता पत्राचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच होतं. मुंबईच्या एका मोठ्या कॅमेरामनशी सरांची ओळख होती आणि दरवर्षी वर्गातला एक विद्यार्थी सरांच्या पत्रावर त्याच्या युनिटमध्ये लागायचा. एकच. परीक्षेच्या दोन दिवस आधी सरांनी मला बोलावून सांगितलं की या वर्षी पत्र तुझ्या नावाचं लिहीन, परीक्षेत माती खाऊ नकोस. मुंबईत मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. पत्राशिवाय बाईमाणसाला कॅमेऱ्याला हात कोण लावू देणार होतं? घरी येऊन मी आईला सांगितलं तेव्हा ती पिठाच्या हातानं तशीच माझ्याकडे बघत राहिली होती.

परीक्षाही सरांच्या पद्धतीची. अकराजणांना एकच सीन, एकच सेट, आणि प्रत्येकाला चारशे फूट फिल्मचा एकेक डबा, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. सीन सरांनीच लिहिलेला होता. लग्नघर आहे, नवरी मुलगी आपल्या भावाला सांगते आहे की मला हे स्थळ नको. साडेतीन मिनिटांचं बोलणं, आणि शेवटी नवरी म्हणते, “या घरात सगळं ठरतं. मला कुणी काही विचारत नाही.” मागे लग्नघर वाटावं म्हणून एक बाई तांदूळ निवडत बसलेली. दहा मुलांनी तो सीन पाठ केल्यासारखा घेतला होता. आधी दोघं मिळून, मग तिचं तोंड, मग त्याचं तोंड, शेवटच्या वाक्याला नवरीचे भरलेले डोळे. मागची बाई दहाही जणांच्या शॉटमध्ये पुसट होती. दहापैकी एकालाही ती बाई कोण होती ते सांगता आलं नसतं.

मला सांगता आलं असतं, कारण माझी आई सोळा वर्षं तीच बाई होती.

हौसाबाई तिवले. देवळातली गर्दी, पाणवठ्यावरची बाई, वरातीत तिसऱ्या रांगेत. एक्स्ट्रा. स्टुडिओला बायका पुरवणारा एक माणूस होता, तो सकाळी गाडी घेऊन यायचा आणि गल्लीतल्या आठ-दहाजणी घेऊन जायचा. ऐंशी साली, मी सात वर्षांची असताना, ते बंद झालं. आईनं कॅमेऱ्यात बघितलं, मोठ्या शॉटचा सत्यानाश केला, म्हणून तिला हाकलली, असं त्या माणसानं चौकात उभं राहून सांगितलं. त्यानंतर कुठल्याच चित्रपटाची गाडी आमच्या दारात थांबली नाही. आई एका खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. वडील ट्रकवर असायचे, पाहुण्यासारखे यायचे आणि आले की याच गोष्टीवरून तिला चार शब्द सुनवायचे. गल्लीतल्या पोरींनी मला ‘कॅमेऱ्यात बघणारीची’ असं नावच पाडलं होतं. आई या विषयावर कधी एक शब्द बोलली नाही. मी मात्र लहानपणीच मनातल्या मनात निकाल दिला होता, की बघितलं तर बघितलं. डोळे असलेल्या माणसानं एकदा वर बघितलं तर एवढं काय आभाळ कोसळलं?

म्हणून मी कॅमेरा रेघेच्या पलीकडे नेला होता. बोलणारी दोघं लांब, पुसट. बाई जवळ, स्वच्छ. तिच्या पाठीमागे ते नवरीचं रडगाणं चाललंय, ती ऐकतेय, हात थांबत नाहीत. आणि “मला कुणी काही विचारत नाही” या वाक्याला ती मान वर करून थेट भिंगात बघते. वर्षभर ज्या चुका करू नका म्हणून शिकलो, त्या सगळ्या एका शॉटमध्ये.

आईला तयार करायला मला आठ दिवस लागले होते. येतो, बसतो, तांदूळ निवडतो, ती म्हणाली. “फक्त त्या भिंगात बघ म्हनू नगंस. त्ये सोडून काय बी सांग.” मी म्हटलं, आधी चल तर. परीक्षेच्या सकाळी ती माझ्याबरोबर शेडच्या दारात आली आणि थबकली. आत सर फक्की मारत होते.

“ह्येच तुमचं सर?”

“होय.”

“नाव काय म्हनलीस?”

“सरनोबत.”

“हां,” आई म्हणाली, आणि पदर कमरेला खोचून आत गेली. सरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. एक्स्ट्रा बाईकडे कोण बघतं?

तर सरांचा चष्मा कपाळावर होता. त्यांनी मला विचारलं की परीक्षा कशाची आहे. मी म्हणाले, नियमांची. मग ही रेघ का ओलांडलीस? मी म्हणाले, रेघ असते ती एका शॉटला दुसरा जोडताना घोटाळा होऊ नये म्हणून. मी एकच शॉट घेणार आहे, कापणारच नाही, मग कुणाचं उजवं-डावं बदलणार? हे त्यांचंच शिकवणं होतं.

“आणि फोकस कुणावर?” त्यांनी विचारलं.

“बाईवर.”

“कुठल्या बाईवर?”

“तांदूळ निवडणाऱ्या.”

लांब उभी असलेली नवरीचं काम करणारी मुलगी हे ऐकून जवळ आली. सांगलीच्या नाटकातली ती मुलगी, दहा परीक्षांत दहा वेळा मन लावून रडली होती. तिला मी सांगितलं की तुझं बोलणं सगळं ऐकू येणार आहे, फक्त तू दिसणार नाहीस. ती बिचारी सरांकडे बघत राहिली. सरांनी टेप काढला. परीक्षा माझी होती आणि अडवायचा त्यांना हक्क नव्हता, पण अंतर मोजायचा होता.

त्यांनी टेपचं एक टोक कॅमेऱ्याला लावलं आणि दुसरं घेऊन ते आईसमोर गुडघ्यावर बसले. टेप माणसाच्या डोळ्याशी धरायचा असतो. त्यांचा हात तिच्या डोळ्यापाशी आला तेव्हा आईनं मान मागे घेतली नाही.

“सोळा वर्सांत माज्या डोळ्याला कुनी टेप लावला न्हाई, साहेब,” ती म्हणाली.

सरांनी आकडा बघितला, वही काढली, पुन्हा मोजलं. चार फूट दोन इंच.

पहिला टेक. त्या वाक्याला भिंगात बघ, असं शेवटी मी आईला जाजमावर बसल्यावर सांगितलं होतं आणि बघतो, जमलं तर, असं ती म्हणाली होती. नवरी लांबून रडली, भाऊ समजावत राहिला, आईची बोटं सुपात चालत होती. माझ्या आईच्या चेहऱ्यावर किती काय चालतं ते मीही एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. वाक्य आलं. आईनं मान वर केली, आणि तिची नजर भिंगाच्या काठावरून घसरून दिव्याच्या स्टँडवर गेली. कट.

प्रत्येक टेकनंतर कॅमेऱ्याचा रिपोर्ट लिहायचा असतो. सीन नंबर, टेक नंबर, चांगला असेल तर ओके, वाया गेला असेल तर एन. जी. आणि शेजारी कारण. परीक्षेत हा कागद सर लिहायचे. त्यांनी लिहिलं, टेक एक, एन. जी., बाईची नजर चुकली. आई त्यांच्या हाताकडे बघत होती.

दुसऱ्या टेकला तिनं मान वर केली आणि तितक्याच झटक्यात खाली घातली. मी जवळ जाऊन तिला म्हणाले, आई, एकदाच. ती म्हणाली, मान आपोआप वळतीया गं, मी तरी काय करू? सोळा वर्षांची सवय आणि वर पंधरा वर्षांची धास्ती, ती अशी सांगून कशी जाणार. सरांनी पुन्हा लिहिलं. एन. जी. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

डब्यात एका टेकची फिल्म उरली आहे, ते म्हणाले. आता कॅमेरा रेघेच्या अलीकडे घे, दोघांना नीट धर, नवरीचा चेहरा दिसू दे. साधा घे, पण नियमात घे. पास होशील आणि पत्र मी आजच लिहितो. “नाहीतर मला मुंबईला शिंत्रेला पाठवावं लागेल,” ते म्हणाले. “तुझ्यात आहे ते वाया जाईल, तिवले. हट्टापायी.”

उदय वायर हातात घेऊन उभा होता, त्यानं मान फिरवली. पत्र म्हणजे मुंबई, कॅमेरा, आईच्या भाकऱ्या बंद. नाही म्हटलं तर पुन्हा तीच गल्ली. आणि आई ऐनवेळी पुन्हा मान वळवणार नाही याची काय खात्री होती? मी मागे बघितलं. आई सुपातले तांदूळ सारखे करत होती. आता तीही मला अलीकडे ये म्हणेल असं मला वाटलं, आणि म्हटलं असतं तर मी गेले असते.

तिनं मला हातानं बोलावलं. “साहेब कुटं उभारत्यात शॉटला?”

“कॅमेऱ्याच्या शेजारी. फोकसचं कडं त्यांच्या हातात असतं.”

“आत्ता बी तितंच उभारनार न्हवं?”

“होय.”

“मग लाव मशीन. जमतंय मला.”

मी सरांना म्हणाले, “कॅमेरा आहे तिथंच राहील, सर.” सर टेप घेऊन पुन्हा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पुन्हा दोनदा मोजलं. राग असो की काही असो, फोकसमध्ये माणूस बेइमानी करणारा नव्हता, निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

तिसरा टेक. नवरी आता खरोखरच चिडलेली होती, त्यामुळे पहिल्यांदाच बरं बोलत होती. आईनं एक खडा उचलला, बाजूला टाकला. दुसरा उचलला. मागून आवाज आला, “या घरात सगळं ठरतं. मला कुणी काही विचारत नाही.”

आईची बोटं थांबली. तिनं मान वर केली आणि भिंगात बघितलं. रागानं नाही, रडवेली होऊनही नाही. दारात कुणी उभं राहिलं तर कोण आहे म्हणून बघावं, तसं बघितलं, आणि बघतच राहिली. मी कट म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. दहा सेकंद गेले, वीस गेले. माझ्या कानाशी सरांचा श्वास ऐकू येत होता. मग डब्यातली फिल्म संपली आणि कॅमेऱ्यात तिचं शेपूट फटफट वाजायला लागलं, तरी आईनं नजर काढली नाही. मी कॅमेरा बंद केला तेव्हा तिनं ती फक्त भिंगावरून सरांकडे नेली.

“साहेब, आज मी कॅमेऱ्यात बघितलं,” आई म्हणाली. “त्या दिवशी बघितलं नव्हतं.”

सरांच्या हातातला रिपोर्टचा कागद तसाच राहिला. कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं, पण विचारताना त्यांचा चेहरा उतरला होता.

“दिवाळीच्या आदी. देवळाच्या पायऱ्या. तुमची हिरोईन वरनं उतरत हुती आनि मी घागर घिऊन आडवी जात हुतो. सीन बेचाळीस, टेक पाच. तुमी ह्याच जागंवर हुता. मोटं साहेब वराडलं, कुनी घान केली म्हनून, आनि तुमी कागदावर लिवलं, एक्स्ट्रानं कॅमेऱ्यात बघितलं. मी तुमच्या मागनंच बाहीर गेलो साहेब. चौथीपतुर शिकलोय मी. वाचाया येतंय.”

उदयनं दिवा बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं, पण शेडमध्ये एवढा उजेड कुणालाच नको होता.

सर फिल्मच्या पेटीवर बसले. मग ते खाली बघूनच बोलले. त्या वेळी ते नुकतेच सहाय्यक झाले होते. कॅमेरा ट्रॉलीवरून सरकत होता, टेप एकदाच लावला होता, पुन्हा मोजायला वेळ नव्हता, आणि फोकस त्यांच्या हातून सुटला. हिरोईन दुपारच्या गाडीनं मुंबईला जाणार होती, तो शॉट पुन्हा होणार नव्हता.

“खरं लिहिलं असतं तर मला त्याच दिवशी काढलं असतं,” ते म्हणाले.

“मग मला काडलं,” आई म्हणाली.

ज्या गोष्टीवरून मी सगळ्या गल्लीशी भांडले, जिच्यावर हा अख्खा शॉट उभा केला, ती गोष्ट घडलीच नव्हती. आणि दोनदा टेप लावणाऱ्या ज्या माणसाची आम्ही नक्कल करायचो, तो पंधरा वर्षं त्याच एका टेकचं अंतर पुन्हा पुन्हा मोजत होता. मला त्याची दया आली नाही. आजही फारशी येत नाही.

सर माझ्याकडे वळून म्हणाले की पत्र ते आजच लिहून देतील. आईनं सूप खाली ठेवलं.

“पत्राचं पोरगी बघंल,” ती म्हणाली. “माजा कागद लिवा.”

त्यांना कळलं. त्यांनी रिपोर्टच्या वहीतून एक कोरा कागद फाडला, मांडीवर धरला आणि सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर खाली सही केली आणि तो आईला दिला. आईनं तो दाराच्या उजेडात नेला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. सीन बेचाळीस, टेक पाच. एन. जी. कारण: सहाय्यकाकडून फोकस चुकला. एक्स्ट्राने कॅमेऱ्यात पाहिले नव्हते.

ती परत आली आणि कागद सरांच्या पुढ्यात धरला. “हितं एक्स्ट्रा लिवलंय.”

“हो, म्हणजे—”

“नाव हाय मला.”

सरांनी तो शब्द खोडला. मग पेन हातात धरून ते थांबले, कारण नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं नाही. त्यांना ते आईलाच विचारावं लागलं.

“हौसाबाई दत्तात्रय तिवले,” आई म्हणाली. “तिवलेतला ति पयला. पोरीचं लिवताय तसंच.”

पत्र मी घेतलं नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. गोष्ट त्यानं रुबाबदार झाली असती. पण मी घेतलं. माझ्या मेहनतीचं होतं ते, दयेचं नव्हतं, आणि त्यात काय लिहिलंय ते वाचल्यावर तर सोडायचा प्रश्नच नव्हता. सरांनी लिहिलं होतं: ‘कु. तिवले यांना सर्व नियम येतात. त्या ते पाळतीलच, याची हमी मी देत नाही.’ त्या एका ओळीवर मुंबईच्या त्या कॅमेरामननं मला ठेवून घेतलं. परीक्षेचं म्हणाल तर बाहेरचे दोन परीक्षक होते. एकानं मला शून्य दिलं आणि दुसऱ्यानं पैकीच्या पैकी, त्यामुळे काठावर पास झाले. पडद्यावर आईनं मान वर केली तेव्हा शून्य देणाऱ्यानं खुर्चीत अंग चोरलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

परीक्षेच्या त्या दिवशी आम्ही दोघी रंकाळ्याच्या कडेनं चालत घरी निघालो. कागद आईनं चौघडी घालून पोलक्यात ठेवला होता आणि ती नेहमीपेक्षा भरभर चालत होती. मी मागे पडत होते. मला राग येत होता, सरांचा होताच, पण तिचाही.

“इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?” मी म्हणाले. “बाबांना, गल्लीला नसेल सांगायचं. पण मला? मी तुझ्या बाजूनं भांडत होते ना सगळ्यांशी?”

“भांडत हुतीस की,” ती चालता चालता म्हणाली. “बघितलं तर बघितलं, म्हनून भांडत हुतीस. मी बघितलं का, त्ये कवा इचारलंस?”

मी जागच्या जागी उभी राहिले. बायका पुरवणाऱ्या माणसानं सांगितलं ते मी ऐकलं होतं. वडील म्हणाले ते ऐकलं होतं. गल्लीनं पाडलेलं नाव पंधरा वर्षं अंगावर वागवलं होतं. नवरीचं ते वाक्य नेमकं तिच्या चेहऱ्यावर टाकून आपण केवढा पराक्रम केला असं मला सकाळपासून वाटत होतं. आणि एकाच घरात, एकाच चुलीपाशी बसून, तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

आई पुढे जाऊन थांबली. वळून बघितलं तिनं.

“आता इचार की,” ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले. आणि विचारलं.

“आई, त्या दिवशी काय झालं होतं?”

“सकाळी साताला गाडी आली,” आई सांगायला लागली.